तिसऱ्या ओव्हरटाइममधला घंटावाला

शनिवार, १५ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.

हरलो. ४३-४१. तेही बरोबरी सुटेना म्हणून खेळवलेल्या तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये. लगेच लिहून ठेवतो. आज लिहिलं नाही तर उद्या लोक इतिहास बदलतील.

चार तास आमच्या बेल्डन स्टेट कॉलेजच्या फुटबॉल संघाने, म्हणजे खेचरांनी, त्या फॅरो कॉलेजच्या ससाण्यांना जेरीला आणलं होतं. तिसऱ्या ओव्हरटाइमला दोघांनाही एकेकच संधी मिळते, शेवटच्या रेषेपासून तीन यार्डांवरून. त्यांनी चेंडू आत घुसवला, दोन गुण. आता आमची पाळी. तीन यार्ड! माझ्या दुकानाचं काउंटर त्याहून लांब आहे.

आणि आमचा टोबायस रिकेट, सहा फूट पाच इंचांचा पहाड, चेंडू सुटायच्या आधीच दचकून पुढे सरकला. पेनल्टी. पाच यार्ड मागे. पुढच्या खेळीत चेंडू गवतात. खेळ खलास.

माझ्याकडून काही कसूर झाली नाही, याची नोंद असावी. चेंडू त्यांच्याकडे असताना घंटा बडवून बडवून मनगट सुजवलं. आणि चेंडू आपल्याकडे असताना चर्चमध्ये बसल्यासारखं गप्प राहायचं, आपल्या पोरांना आपले इशारे ऐकू आले पाहिजेत, हे आमच्या कोल्टर्स फोर्ड गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आज मात्र ११४ नंबरच्या ब्लॉकमध्ये कुजबुज चालू होती. म्हणून मी बाकावर उभा राहिलो आणि दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांताने सगळ्यांना खुणावलं, गप्प बसा, गप्प बसा. पुढच्या चार रांगा मागे वळून माझ्याकडे बघत होत्या. कौतुकाने.

आणि नेमका त्याच वेळी माझा मेहुणा एमरी माझं कोपर धरून मला खाली ओढत होता. सव्वीस वर्षं हा माणूस माझ्या डावीकडे बसतो आणि अजून याला भावना कळत नाहीत.

शपथ: रिकेटला दुकानात पाय ठेवू देणार नाही. त्याच्या आजीच्या गवत कापायच्या यंत्राचं ब्लेड माझ्याकडे धारेला आलंय. लावणार नाही धार. उपटत बसा म्हणावं गवत हाताने.

घंटा खुंटीला टांगली. वडिलांच्या बर्था नावाच्या खेचराच्या गळ्यातली ही घंटा. सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ती उजव्या हातातून खाली ठेवायची नाही, हा वडिलांचा नियम. आजही पाळला.

रविवार, १६ नोव्हेंबर.

चर्च. पाद्रीबुवा क्षमेवर बोलले. रोख माझ्यावर होता. पाद्रीबुवा फॅरोत शिकलेत हे विसरून चालणार नाही.

येताना गाडीत डर्लीन काही बोलली नाही. हल्ली गाडीत ती बोलतच नाही. पूर्वी माझ्या उजवीकडच्या सीटवरून अखंड पट्टा चालायचा. लग्नाला तेहतीस वर्षं झाली की बायका शांत होतात. चांगलं आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ९.

सगळं चित्र पालटलं!

ओपलच्या खाणावळीत पेपर वाचला. रिकेट म्हणतो, मी घंटा ऐकली म्हणून हललो. आपल्याच स्टँडमधून आली. कोचचा विश्वास नाही. कोच म्हणतो, पोरगा सबबी सांगतोय, २९ तारखेच्या शेवटच्या सामन्यात त्याला बाकावर बसवणार. सगळी खाणावळ हसली. कुणीतरी म्हणालं, घंटा कसली, त्याच्या पोटात कावळे ओरडत असतील. एमरी हसला नाही. कॉफीत बघत राहिला.

आणि मला आठवलं. मीसुद्धा ऐकली होती! अगदी दबलेली, लांबून. वरच्या स्टँडमधून, डावीकडून. त्या गडबडीत मी ती विसरून गेलो होतो.

मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पोरगा खरं बोलतोय. कुणीतरी नतद्रष्ट माणसाने आपला चेंडू असताना घंटा वाजवली, आणि मी, लोवेल प्रुइट, त्याला पाताळातूनही शोधून काढीन. ओपल म्हणाली, कशाला रे बाबा, झालं ते झालं. हिला फुटबॉल कळत नाही.

एका माणसाच्या मूर्खपणापायी विशीतल्या पोराचं नाव गावभर खराब. माझं रक्त उकळतंय. ब्लेडला धार लावली. दोनदा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

पत्रकं छापली. दोनशे. मजकूर मीच लिहिला, तोही एका बैठकीत:

घंटावाला पाहिजे. जो सापडेल, त्याने शनिवार २९ रोजी सकाळी ९ ते ११ ओपलच्या दारात गळ्यात खेचराचा तोबरा बांधून उभं राहावं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या उजव्या कानात घंटा वाजवावी. माहिती देणाऱ्याला आमच्या दुकानात आयुष्यभर ब्लेडची धार फुकट.

उजवाच कान का, असं ओपलने विचारलं. माझा अनुभव असा की उजवा कान जास्त शांत असतो. तिथे घंटा वाजली म्हणजे जिव्हारी लागेल.

तोबऱ्यात ओट्स भरायचे. सुके. कॉलरमधून आत गेले की दोन दिवस टोचतात. हे पत्रकात लिहिलेलं नाही. ही माझ्याकडून भेट.

बुधवार, १९ नोव्हेंबर.

साक्षीदार यायला लागले. तिघे आले, तिघांचंही वर्णन जुळतं: साठीचा माणूस, पोट सुटलेलं, डोक्यावर खेचराचे कान असलेली टोपी, बाकावर उभा.

अशा टोप्या निदान चार हजार असतील. माझीही आहे. पण बाकावर उभा, हा मुद्दा महत्त्वाचा. आमच्या ब्लॉकमध्ये बाकावर फक्त मी होतो. म्हणजे ११४ नंबरचा ब्लॉक संशयातून मुक्त. शोधाचं क्षेत्र निम्म्यावर आलं.

तिघांनीही धारेचं बक्षीस मागितलं नाही. उलट माझ्याकडे विचित्र बघत निघून गेले. लोक घाबरलेत. गुन्हेगार वजनदार असणार.

दुपारी एमरी दुकानात आला. सहाणेच्या उजवीकडच्या स्टुलावर बसला. बराच वेळ बसला होता. त्याचे ओठ हलत होते, पण मी कामात होतो. अधूनमधून मान डोलावली. जाताना माझ्या पाठीवर थोपटलं आणि डोळे पुसले. भावुक माणूस. सहाणेची धूळही असेल.

शनिवार, २२ नोव्हेंबर.

आज सामना नाही. रिकेटच्या आजीकडे ब्लेड द्यायला गेलो. दार टोबायसनेच उघडलं, म्हणजे दाराइतकाच तो होता. आठ दिवसांत वर्गाशिवाय कुठे गेला नाही म्हणे. गावात गेलं की लोक टिंग टिंग करून दाखवतात.

मी म्हटलं, बेटा, मी घंटा ऐकली आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, मिस्टर प्रुइट, खरं सांगा, माझं मन राखायला तर बोलत नाही ना? रात्री पडलो की मलाच वाटतं, मी घाबरलो आणि घंटा मनानेच तयार केली.

मी त्याला वचन दिलं. २९ तारखेला तो माणूस ओपलच्या दारात तोबरा घालून उभा दिसेल, मग कोचचा बापही तुला बाकावर बसवणार नाही. त्याने हात मिळवला. माझा हात त्यात दिसेनासा झाला.

गाडीत येऊन दार आपटलं. त्या हरामखोराला सोडणार नाही. तोबरा नाही, त्याला खोगीर घालतो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर.

पुरावा हाती!

टीव्हीवाल्यांनी प्रेक्षकांचं चित्रण केलं होतं. ते कॉलेजकडून मागवलं. फोनवरच्या बाईने दोनदा विचारलं, सर, तुम्हाला नक्की हवंय ना? हे सगळे एकमेकांना सामील आहेत. मी चढ्या आवाजात सांगितलं, नक्की.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाहिलं. त्याला स्पीकर नाही, पण डोळे आहेत मला. मी बाकावर उभा, दोन्ही हात हवेत, चेहरा करारी. बघून ऊर भरून आला. पण मग चित्र थांबवून नीट पाहिलं.

एमरी. आडवा होऊन, माझ्या पोटावरून हात लांबवून, माझ्या उजव्या कोपराला झोंबतोय. त्या कोपराच्या टोकाला माझा हात, आणि त्या हातात बर्थाची घंटा.

म्हणजे माझीच घंटा वापरली! माझ्या हातून! सव्वीस वर्षं शेजारी बसवलेला माणूस!

आता सगळं जुळतं. कॉफीत बघणं. डोळे पुसणं. बायकोचा भाऊ म्हणून गय करणार नाही. परवा थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो जेवायला येतोच आहे. तिथेच, सगळ्यांसमोर. टर्कीनंतर, गोडाच्या आधी.

डर्लीनला काही सांगितलेलं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग. दुपारी ४.

लिहिणं कठीण आहे. क्रमाने लिहितो.

टर्की कोरडी झाली होती. ती गोष्ट वेगळी. पानावर आम्ही चौघं: मी, डर्लीन, एमरी आणि सासूबाई. वय ८४, दोन्ही कानांत यंत्रं.

मी काट्याने ग्लास वाजवला आणि उभा राहिलो. म्हटलं, या घरात एक गद्दार जेवतोय. डर्लीन म्हणाली, लोवेल, खाली बस. मी उजवीकडच्या टीव्हीवर ते चित्रण लावलं. एमरीला म्हटलं, बघ, तुझाच हात आहे ना? एमरी पांढरा पडला. म्हणाला, बंद कर रे. आईसमोर नको. हात जोडतो.

मला वाटलं, ही कबुलीच. आवाज शेवटपर्यंत वाढवला.

टीव्हीतून नुसती खरखर. मी म्हटलं, याला आवाज नाही का? कुत्रं उठून पलंगाखाली गेलं. सासूबाईंनी एका कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, अगं बाई, केवढ्याने बडवतोय हा! आणि वर तोंडाने म्हणतोय गप्प बसा!

मी म्हटलं, कोण बडवतोय?

एमरी उठला. माझे दोन्ही खांदे धरून मला वळवलं आणि माझा डावा कान टीव्हीकडे केला. डर्लीनने चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं.

ऐकू आलं.

प्रत्येक वेळी गप्प बसा म्हणून हात खाली आणला, की टणत्कार. आठ वेळा. नवव्याला टोबायस हलला.

एमरी म्हणाला, मी तुला त्यासाठीच खाली ओढत होतो. मी विचारलं, मग बारा दिवस बोलला का नाहीस? तो म्हणाला, बोललो की. तुझ्या दुकानात तासभर बोललो. मला वाटलं तू ऐकून घेतलंस. मान डोलावत होतास.

मग त्याने कोट घेतला. गोड न खाता गेला. दारात म्हणाला, सव्वीस वर्षं शेजारी बसलो आणि तू मला गद्दार म्हणालास.

सासूबाईंनी त्याच्या वाटचं गोड खाल्लं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर.

सकाळी ७. खुलासा: मी घंटा वाजवली नाही. घंटा वाजली. यात फरक आहे.

८. पत्रकात म्हटलंय, जो सापडेल त्याने. मी सापडलो नाही. मला दाखवण्यात आलं.

८.३०. मुळात दोष वडिलांचा. घंटा खाली ठेवू नका, असला नियम करतं का कुणी?

९. पत्रकं परत गोळा करायला निघालो. ओपलच्या दारावरचं निघेना. गोंद मीच भरपूर लावला होता.

१०. मासे पकडायला जावं. दोन-तीन दिवस. डर्लीन म्हणाली, जा की. आणि पुढे काही म्हणाली नाही. तिच्या त्या पुढे न म्हणण्याची मला भीती वाटते.

११. गळ, डबा, गाडी. तळ्याचा रस्ता रिकेटच्या गल्लीतून जातो. भर उजेडात खिडक्यांचे पडदे ओढलेले. अंगणातलं गवत मात्र एकसारखं कापलेलं. धार चांगली लागली होती.

तळ्यावर गेलो नाही.

१२. कॉलेजात फोन केला. त्या बाईला सांगितलं, घंटावाला मी. ती म्हणाली, हो सर, चित्रण आम्हीच पाठवलं होतं ना. कोचलाही दाखवलंय, पण कोच म्हणतात, तो माणूस स्वतः बोलू दे, मग बघू. म्हटलं, उद्या सकाळी ९ ते ११, ओपलच्या दारात या. बोलतोच.

एमरीला तीन फोन केले. उचलत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर. दुपारी १२.

उभा राहिलो. तोबरा पत्रकात होता तसा, आत ओट्स मी ठरवले होते तसे, सुके. दीडेकशे लोक आले. फॅरोचाही एक इसम चाळीस मैलांवरून आला आणि माझ्याबरोबर फोटो काढून गेला. कोचने आपला मदतनीस पाठवला होता. त्याच्यासमोर मोठ्याने सांगितलं, घंटा मी वाजवली, पोराचा काही दोष नाही. त्याने वहीत लिहून घेतलं.

मग लोक रांगेने आले आणि एकेकाने माझ्या उजव्या कानाशी घंटा हलवली. नुसती हलवली. वाजवली कुणीच नाही! मला गहिवरून आलं. माझ्या वयाचा, गावातल्या माझ्या स्थानाचा मान राखत होते. मी प्रत्येकाकडे बघून हसलो, मान लववली, आभार मानले.

दहाच्या सुमाराला डाव्या कानाशी आवाज आला. एमरी! म्हणाला, गाढवा, हसू नकोस. लोक जीव तोडून वाजवतायत आणि त्यांना वाटतंय तुला जराही लाज नाही.

मग तो तिथेच, माझ्या डावीकडे उभा राहिला. कुणी वाजवली की सांगायचा, आता तोंड कसनुसं कर. मी करायचो.

शेवटी टोबायस आला. खांद्यावर सामानाची पिशवी, सामन्याला निघालेला. रांग आपोआप बाजूला झाली. ओपलने त्याच्या हातात घंटा दिली, बर्थाचीच. तो माझ्या उजवीकडे आला, थांबला, आणि वळसा घालून डावीकडे गेला. एमरी सरकला. पोराने दोन बोटांनी घंटेचा लोलक चिमटीत धरला, वाकला आणि हळूच म्हणाला, मिस्टर प्रुइट, म्हणजे खरंच वाजली होती?

म्हटलं, हो बेटा. वाजली होती. मी वाजवली.

तो म्हणाला, बरं झालं. मला वाटलं होतं, माझंच डोकं फिरलं.

एवढंच. घंटा ओपलला परत दिली आणि गेला. त्याच्या जागी मी असतो तर हातोडा आणला असता.

ओट्सचा भुगा डोळ्यांत जातो. पुढच्या वेळी भाजून घ्यावेत.

रविवार, ३० नोव्हेंबर. दुपारी.

काल पुन्हा हरलो. २७-१०. टोबायस पूर्ण सामना खेळला, एकदाही चुकीचा हलला नाही. ओव्हरटाइम नाही, घंटा नाही, रेफरीही ठीक. आम्हीच वाईट खेळलो. सूड घ्यायला कुणी शिल्लकच नाही. रात्रभर विचार केला, कुणी सापडलं नाही.

एमरी पुढच्या मोसमात येतो म्हणाला. पण माझ्या उजवीकडे बसणार, आणि चेंडू आपल्याकडे आला की माझा हात धरणार. मी अट घातली: फक्त मनगट. मान्य झालं.

कानाच्या डॉक्टरची वेळ डर्लीनने परस्पर घेऊन टाकली आहे. पुढे ढकलता येते का, उद्या विचारतो.

चर्चला जाताना म्हणाली, तू काल दोन तास उभा होतास, गाडी मी चालवते. ती चालवायला बसली. म्हणजे माझ्या डावीकडे आली.

ती गाडीत बोलायची थांबली नव्हती. सात मैल. सगळं ऐकू आलं.